बेरेझिनाच्या काठावर राहिलेली माणसं

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आपल्या ग्रंथालयाच्या कार्यवाह बाई. मंचावरचे सन्माननीय पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे पूलवाले साहेब. त्यांना आपल्या घरी न्यायला आलेली त्यांची लेक. आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी पेशाने दंतवैद्य. समोरच्या माणसाला उत्तर देता येत नाही अशा वेळी बोलायची मला सवय आहे. तरी आज कागदावर लिहून आणलंय, त्यात बघून बोलेन.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. याच इमारतीत वरच्या मजल्यावर, टेबल टेनिसची दोन टेबलं जोडून, आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी इतिहासातल्या लढाया पुन्हा लढतो. करंगळीएवढे शिपाई, पुठ्ठ्याच्या टेकड्या, मोजपट्टी, फासे आणि नियमांची जाड वही. माझी बायको याला म्हाताऱ्यांची भातुकली म्हणते. ती समोरच बसली आहे, त्यामुळे मी नाही म्हणत नाही.

साहेब वीस वर्षं माझे प्रतिस्पर्धी. बांधकाम खात्यात त्यांनी जन्मभर पूल बांधले, आणि इथे येऊनही जीव जडला तो पुलाच्याच लढाईवर. बेरेझिना. रशियातून माघार घेणारं नेपोलियनचं सैन्य, हाडं गोठवणारी थंडी, त्याच नावाच्या नदीवर घाईने उभे केलेले लाकडी पूल. सैन्य पार झालं की पूल जाळायचे, नाहीतर रशियन मागोमाग येणार. पण सैन्याच्या मागे हजारो माणसं होती. जखमी, गाडीवान, बायका, पोरं. त्यातली कितीतरी अलीकडच्या काठावरच राहिली. ज्या अधिकाऱ्याला पूल जाळायचा हुकूम होता त्याने तो जमेल तितका लांबवला, आणि शेवटी पूल जाळलेच.

आमच्या नियमांत या माणसांना गुण नाहीत. ती पार झाली काय, राहिली काय, निकाल तोच. पहिल्यांदा ही लढाई मांडली तेव्हा त्यांच्या जागी आम्ही आगपेटीतल्या काड्या ठेवल्या होत्या. त्या दिवशी साहेबांचा विसरलेला चष्मा द्यायला वहिनी वर आल्या. टेबलाकडे बघून म्हणाल्या, “शिपायांना मिशासुद्धा काढल्यात, आणि ह्यांना तोंडही नाही?”

पुढची दोन वर्षं वहिनी ती माणसं रंगवत होत्या. दोनशे साठ. एकीच्या शालीला काठ, एकाच्या कुबडीला गुंडाळलेली चिंधी. मी एकदा विचारलं, “वहिनी, हे भिंगाशिवाय दिसणार कुणाला?” म्हणाल्या, “ज्याला बघायचंय त्याला दिसेल.”

वहिनी गेल्या त्याला चार वर्षं झाली. साहेब यायचे बंद झाले. फोन केला तर हवापाण्याचं बोलायचे. मी रविवारी जिना चढायचो, कुणाशी तरी लढायचो, जिंकायचोसुद्धा. पण समोर ते नसताना जिंकण्यात काय अर्थ होता?

दीड वर्षाने एका रविवारी ते आले. बगलेत वहिनींच्या माणसांची पेटी. “डॉक्टर, बेरेझिना मांडू या.”

ते फ्रेंच, मी रशियन. आठव्या फेरीला त्यांचं सैन्य पार झालं. तेव्हाच पूल जाळले असते तर ते जिंकले असते. त्यांनी जाळले नाहीत. ते पेटीतली माणसं पुलावरून पलीकडे नेऊ लागले. नियमाप्रमाणे एका फेरीत दहा. माझ्या तोफा पुलापासून दोन फेऱ्यांवर होत्या. अशा वेळी मित्राने काय करावं? मी मोजपट्टीने तेच अंतर पुन्हा पुन्हा मोजलं. मग तोफा पुढे घेतल्या.

वीस माणसं पार झाली. दोनशे चाळीस अलीकडे राहिली, आणि साहेब हरले.

मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं की तोंड कुठे लपवू असं झालं. जिन्यात साहेबांना गाठलं. “साहेब, माझं चुकलं का?”

कठड्याला धरून ते उभे राहिले. “दीड वर्ष सगळे मला सांभाळून घेतायत. लेक, शेजारी, अगदी दूधवालासुद्धा. तुम्हीही थांबला असतात, तर मी हा जिना पुन्हा चढलो नसतो.” मग म्हणाले, “आणि हिलाही ते आवडलं नसतं. लबाडी खपायची नाही तिला.”

त्यानंतर अडीच वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नाही. बेरेझिना आम्ही आणखी सहा वेळा लढलो. सहाही वेळा त्यांनी पूल जाळले नाहीत, आणि सहाही वेळा ते हरले. एकदा मात्र पन्नास माणसं पार गेली, आणि हरलेल्या सेनापतीने आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

आता साहेबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. लेकीचं म्हणणं रास्त आहे. मी सुचवून पाहिलं, की फोनवरून एकमेकांना चाली कळवू. ते म्हणाले, “नको डॉक्टर. टेबलापलीकडे माणूस दिसला पाहिजे. नाहीतर ते नुसतं गणित.”

साहेब, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. दोघंच असताना हे सांगायला मी तीनदा आलो, आणि तिन्ही वेळा गुडघ्यांची चौकशी करून परत गेलो. म्हणून आज सगळ्यांदेखत सांगतो. लेकीने मनावर घेऊ नये. जायला हवं, हे मलाही कळतं.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे जास्त बोललो असेन, तर पोटात घाला. पुढच्या रविवारी आमचा डाव नाही, ही सूचना फळ्यावर मीच लिहिली आहे. तरी दहाच्या सुमारास मी वर येऊन बसणार आहे. घरी बसून करू काय?