खाकी कव्हरं

— नाही, नाही, गॅलरीत नको, आत या. बाहेर उभं राहून बोललं की चार दारांतून आठ कान बाहेर येतात. बूट राहू देत हो पायात, एवढे चांगले बूट बाहेर काढलेत तर कुणाची तरी नजर जायची. खुर्चीवर बसा, कॉटवर पापड वाळत घातलेत. पाणी घेणार? कुंदा म्हणते, तुम्ही लोक कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, नियम असतो — ही कुंदा म्हणजे पलीकडच्या कोपऱ्यातली, तिला सगळं माहीत असतं. प्यालात? बरं. मग नसेल नियम. हां, तर तुम्ही दारात उभं राहून पहिलं नाव मास्तरांचं घेतलंत. शेजारच्या विद्याधर मास्तरांचं. अनंतचं नाही. तेव्हाच मी ओळखलं. मी काय काल आले नाही मुंबईत, तेवीस वर्षं झाली ह्या घाटकोपरच्या वसाहतीत. गळ्यात टाय, बॅग, हातात घडी घातलेला कागद, आणि बोलणं एकदम शुद्ध मराठी. कुंदाने सांगितलंच होतं, व्हिसा द्यायच्या आधी अमेरिकेच्या ऑफिसातून चौकशीला माणूस येतो, आणि तो गोरा नसतो गं, आपल्यातलाच असतो, गोड बोलणारा. — नका, नका सांगू कुठून आलात ते, तुम्हाला परवानगी नसेल. मी विचारतच नाही. मी रुक्मिणी घाडीगावकर, अनंत सहदेव घाडीगावकरची आई. एवढं लिहा, आणि पुढचं मी सांगते ते नीट ऐका. सोमवारी त्याला तिथे बोलावलंय, मुलाखतीला. त्याच्या जन्माचं भलं-बुरं आहे त्यात.

मास्तरांचा आणि आमचा काही संबंध नाही. हे पहिलं. भिंत एक आहे, ती हाउसिंग बोर्डाने बांधली, आम्ही नाही बांधली. शेजारी कोण यावं हे आपल्या हातात असतं का? दिसले तर बरं आहे ना, एवढंच. ते कुठल्या पक्षाचे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही — असतीलही. आता बघा, ज्याच्या घरी दर महिन्याला रशियाचं मासिक पोस्टाने येतं, भिंतीवर देवाच्या तसबिरीऐवजी जगाचा नकाशा, बायको वारल्यावर दुसरं लग्न नाही, मूलबाळ नाही, तो माणूस कोण असणार? आणि मी म्हणते, आम्ही इथे यायच्या आधीपासून लोकांच्या पोरांना संध्याकाळी गॅलरीत बसवून गणित शिकवतो, फुकट. फुकट कोण शिकवतं हो? मुन्शिपाल्टीच्या शाळेत दिवसभर घसा कोरडा करून आलेला माणूस घरी येऊन परत खडू हातात का घेईल? पूर्वी कधी असं वाटलं नव्हतं मला. कुंदा म्हणाली, रशियावाले असेच माणसं पेरून ठेवतात, गरिबाची हुशार पोरं हेरायला. तेव्हापासून झोप उडाली माझी. — हो, हे लिहा हवं तर. पण आमचा अनंत त्यांच्याकडे कधी गेला नाही. म्हणजे गेला असेल, लहानपणी. सगळेच जायचे. सातवी-आठवीपर्यंत. बारावीपर्यंत म्हणा.

नाही, तुम्ही थांबा, मला पुरं बोलू द्या, मधेच कागद उघडू नका. अनंतच्या डोक्यात रशियाबिशिया काही नाही. ते मास्तर जे शिकवायचे ना, त्यात एका बाजूचं असं काही नसायचंच, मी स्वतः ऐकलंय. ह्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायचे मी, कानावर पडायचंच. गणित संपलं की ते नकाशा बाहेर आणायचे. सांगायचे, की लढाई होती तोवर अमेरिका आणि रशिया एका पंगतीला जेवत होते. हिटलर हरला आणि दुसऱ्या दिवसापासून पानात काय वाढलंय हे एकमेकांचं बघायला लागले. बर्लिन म्हणून शहर आहे, ते चौघांत वाटून घेतलं. रशियाने रस्ते अडवले तर अमेरिकेने अकरा महिने विमानातून कोळसा आणि पीठ पोचवलं, बोला. अमेरिकेकडे बॉम्ब होता, तर चार वर्षांत रशियानेही केला. मग तो मोठा की हा मोठा. कोरियात दुसऱ्यांचीच पोरं मेली. मग त्या बर्लिनमध्ये मधोमध भिंत घातली, एका रात्रीत तारा ओढल्या, मावशी इकडे आणि भाची तिकडे. मग चंद्र. माझ्या धाकट्या दिराने रत्नागिरीच्या घरात असंच केलं होतं, सासरे गेले आणि तेराव्याला दोन चुली, म्हणून मला ते लगेच कळलं. मी तिथूनच विचारलं, मास्तर, पण आधी दार कुणी लावलं? पोरं हसली. मास्तर नाही हसले. म्हणाले, रुक्मिणीबाई, दोघेही म्हणतात त्याने लावलं. आणि दोघांनाही ते खरंच वाटतं. — आता हे असं शिकवणारा माणूस कम्युनिस्ट असतो का, तुम्हीच सांगा. नसतोच. म्हणजे असेल तर असेल, मला माहीत नाही. मी फक्त अनंतचं सांगतेय.

आता तुमच्या त्या फॉर्मात रकाना आहे. कधी कम्युनिस्ट पक्षाशी, त्यांच्या माणसांशी संबंध होता काय. अनंतने ‘नाही’ असं लिहिलं आणि हसला. मला नाही हसू आलं. कुंदाच्या नात्यात मुलुंडला एक मुलगा आहे, त्याचा असाच एक कागद चुकला, पासपोर्टवर शिक्का बसला तो बसलाच, आता बापाच्या दुकानात बसतो. आमचं तर दुकानही नाही. ह्यांची गिरणी संपात गेली ती गेलीच, आता साकीनाक्याला एका कारखान्याच्या गेटवर बसतात, बारा-बारा तास. अनंत पवईहून इंजिनियर होऊन निघाला, अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीने स्वतःहून बोलावलं, शिष्यवृत्ती दिली, आणि अडणार कशावर, तर पुस्तकांच्या कव्हरांवर. — कव्हरं म्हणजे — कसली कव्हरं, काही नाही. तुम्हाला कुंदाने सांगितलं का? नाही? मग मीच सांगते, उगाच लपवल्यासारखं नको. ते रशियाचं मासिक येतं ना, त्याचा कागद गुळगुळीत, जाड, पाणी पडलं तरी फुगत नाही. दर जूनला मास्तर वर्षभराचे अंक वाटून टाकायचे आणि आम्ही बाया खळ शिजवून पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालायचो. ह्या माळ्यावरच्या एकूण एक पोराच्या वहीवर रशिया होता. बर्फ, धरणं, डोक्याला रुमाल बांधलेल्या गोऱ्या बाया. त्याच्यावर अनंतचं नाव मी माझ्या हाताने लिहिलेलं. आणि आतली पुस्तकंही तिकडचीच, गणिताची, स्टेशनबाहेर ती पुस्तकांची गाडी लागायची तिथून मास्तरांनी आणलेली. सात पुस्तकं. अनंत उशाला घेऊन झोपायचा. पवईला पास झाला तेव्हा ह्या सात पुस्तकांच्या पाया पड म्हणून मीच सांगितलं त्याला.

मग काय करणार होते मी? तुम्ही आलात आणि शेल्फावर तीच दिसली तर? म्हणून पंधरा दिवसांपूर्वी पिशवीत भरली आणि मास्तरांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. दार वाजवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी पिशवी आत घेतलेली मी पडद्याआडून बघितली. आमच्या दाराकडे बघून उभे होते जरा. अनंतला सांगितलं, मास्तरांनी परत मागितली रे. तेव्हापासून सुट्टीला आला तरी तिकडे फिरकला नाही, त्याला वाटलं मास्तरांच्या मनात काहीतरी आलंय. वाटू दे म्हटलं, व्हिसा होईपर्यंत. एकदा विमानात बसला की मीच जाऊन सगळं सांगणार होते त्यांना. मास्तरांना राग ठेवता येत नाही, आणि खोटं तर ते मरेपर्यंत बोलणार नाहीत — गिरणीचा संप संपेल का म्हणून सगळ्या माळ्याने विचारलं, बाकीचे संपेल, संपेल म्हणत होते, हे एकटे म्हणाले, सहदेव, दुसरी नोकरी बघ. तेव्हा ह्यांना राग आला होता. खरं तेच होतं.

हे बघा, आता तुम्ही त्यांच्याबद्दल विचारायलाच आलात तर ते घरी नाहीत हे सांगितलं पाहिजे. राजावाडी हॉस्पिटलात नेलंय. गुरुवारी. छातीत. नाही, मी गेले नाही बघायला. कशी जाणार, तिथे कोण बघतंय, कोण लिहून घेतंय काय माहीत. हे रात्री विचारतात, जाऊन आलीस का, मी हो म्हणते. अनंत हॉस्टेलवर आहे, त्याला कळवलंच नाही. — तुम्ही असं का बघताय? मी काय केलंय? मला माहीत नव्हतं इतकं आहे म्हणून. त्यांची सवयच आहे ती भिंतीवर वाजवायची. दोनदा वाजवलं म्हणजे चहा, तीनदा म्हणजे अनंतला पाठवा. बायको गेल्यापासून दुपारचा चहा आमच्याकडचाच, वर्षानुवर्षं. पिशवी ठेवून आले त्या दिवसापासून त्यांनी वाजवलंच नव्हतं. आणि गुरुवारी दुपारी वाजलं. दोनदा. मला वाटलं आता बोलावतायत, आता विचारणार, पुस्तकं का परत केली. काय सांगणार होते मी? परत वाजलं. तीनदा. मग मोजता येईना, नुसतंच वाजत राहिलं, हळू. मी इथे उभी होते, ह्या इथे, आणि — आणि मी रेडिओ मोठा केला. गाणी लागली होती. गाणं संपलं तेव्हा वाजायचं थांबलं होतं. कुंदा साडेचारला चाळण परत करायला आली तिला त्यांचं दार अर्धं उघडं दिसलं. टॅक्सी तिनेच आणली. माळ्यावर कुणाला माहीत नाही हे. ह्यांनाही नाही. तुम्हाला का सांगितलं मी? लिहिलंत का तुम्ही? हे लिहू नका. ह्यात अनंतचं काही नाही, त्याला कळलं तर तो अमेरिकेला काय, माझ्या घरात पाय ठेवणार नाही. खोडा ते.

काय? किल्ली? मास्तरांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते हे तुम्हाला कुणी — मास्तरांनी? तुम्ही त्यांना भेटलात? आता, राजावाडीला? शुद्धीवर आहेत? बोलतात? — जेवले? — थांबा, मग तुम्ही कोण? विद्यार्थी. त्यांचे. ह्याच गॅलरीतले, आम्ही यायच्या आधी कुर्ल्याहून यायचात. आणि ही बॅग? औषधांच्या कंपनीची. अहो, मग आल्याबरोबर का नाही — हो. मीच बोलू दिलं नाही. हो. तीनदा तोंड उघडलंत, मीच गप्प केलं.

द्या तो कागद. त्यांचंच अक्षर. वाकडं आलंय जरा. चष्मा, खिडकीत. दोन पायजमे. टॉवेल. टेबलावरची सात पुस्तकं — सात पुस्तकं, जुनी कव्हरं काढून साधी खाकी घातली आहेत. अनंतला द्यावीत. तिकडे लागतील. सोमवारच्या आधी नको, नंतर द्यावीत. — सोमवार त्यांना कुणी सांगितला? भिंतीतून ऐकलं असणार. भिंतीतून सगळंच ऐकू जातं. म्हणजे कळलं होतं त्यांना. पिशवी घेतली त्या दिवशीच कळलं. बसून एकेक कव्हर काढलं असेल. माझी खळ निघता निघत नाही, कोमट पाण्याने पुसावं लागतं.

आणि काय म्हणाले? माझ्याबद्दल? बोला, आता मी मधे नाही बोलत. — मी घरी नव्हते? असं म्हणाले ते? बाई बाजारात गेल्या होत्या, नाहीतर एका टकटकीला धावत आल्या असत्या. असं डॉक्टरांना सांगितलं. सगळ्यांसमोर. — पण गाणं लागलं होतं ना घरात. मीच मोठं केलं होतं. त्यांना तिकडे ऐकू गेलं असणार.

किल्ली त्या खिळ्यावर आहे. तुम्हीच घ्या, माझा हात पोचत नाही. चष्मा पुसून न्या, ते तसाच लावतात. आणि मी मघाशी जे सांगितलं, गुरुवारचं, ते तुम्ही — नको. राहू दे. मास्तर म्हणाले ना, मी घरी नव्हते म्हणून? मग नव्हते. मास्तर खोटं बोलत नाहीत. जा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.