मॅनेजरच्या मनगटावरील चार खुणांबाबत

मी, कवळीकाका म्हणून सर्वांना माहीत असलेला, वय ६८ वर्षे, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार चित्रपटगृहासमोरच्या दुकानाचा वरचा मजला, घरात एकटाच, आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन सांगतो की,

आमच्या समोरच्या चित्रपटगृहात दर वर्षी वर्षअखेरच्या सुट्टीत एक जुना भुताचा विनोदी चित्रपट आठवडाभर दुपारी बारा वाजता लावतात. एका घरी सुट्टीला नातेवाईक येतात आणि सुट्टी संपली तरी हलत नाहीत. मागाहून कळते की ते सगळे केव्हाच वारलेले आहेत. लोकांना हा चित्रपट तोंडपाठ आहे. घाबरायच्या जागी हसतात आणि हसायच्या जागी शेजाऱ्याला चिमटे काढतात.

त्यात मेलेल्या आत्याचे काम करणाऱ्या बाई आपल्याच गावात राहतात. वय ७१, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त. त्यांनी आयुष्यात हा एकच चित्रपट केला. सगळा गाव त्यांना आत्या म्हणतो. मी म्हणत नाही. अख्ख्या चित्रपटात आत्या तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यात बसलेली असते. शेवटी घरमालक म्हणतो, "आत्या, सुट्टी संपली, आता निघा." तेव्हा ती पहिल्यांदा रुमाल काढते, म्हणते, "मला काय घाई? मला कुठे कामावर जायचंय?" आणि त्याच्या मनगटाला चावते. तो किंचाळतो, तिचे समाधान होते, आणि ती सगळ्या पाहुण्यांना घेऊन निघून जाते. त्या चाव्यासाठी लागणारे खोटे सुळे सदतीस वर्षांपूर्वी मीच बनवले होते.

यंदा बाईंची नात पहिल्यांदाच सुट्टीला आली आहे. वय नऊ. आजीने चित्रपटात काम केले यावर तिचा विश्वास नव्हता. खेळ सुटल्यावर नातीला घालून दाखवता यावेत म्हणून बाईंनी जुने सुळे आधीच शोधून काढले, तर ते बसेनात. जबडा बदललेला होता. म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी नवीन माप घेऊन सुळे केले. त्यासाठी बाई एकूण सहा वेळा दुकानात आल्या. सुळे दुसऱ्याच खेपेला नीट बसले होते.

आज आम्ही तिघे सहाव्या रांगेत होतो. बाईंनी मला तिकीट काढू दिले नाही. एक वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास घरमालक पाहुण्यांपुढे येऊन उभा राहिला, आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर रिकामे घर आले. पाहुणे गायब. लोक ओरडले, "आत्या कुठे गेली?" मागाहून ऑपरेटरने सांगितले की, दिवसाचा एक खेळ जादा बसवायचा म्हणून मॅनेजरने ते रीळ लावू दिले नाही.

नातीने विचारले, "आजी, तू बोललीच नाहीस?"

बाईंनी पर्स उघडून सुळे काढले, तोंडात बसवले, तोंडाला रुमाल लावला, पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि उठल्या. मी त्यांना अडवले नाही. उलट पायऱ्या दिसाव्यात म्हणून खिशातली विजेरी लावली. पुढे ती त्यांच्या तोंडावर खालून धरली, हेही खरे आहे. तसे धरायला मला कोणी सांगितले नव्हते.

बाई पडद्यापुढच्या ओट्यावर चढल्या. चित्रपट चालूच होता, त्यामुळे त्यांच्या अंगावर रिकाम्या घराच्या खुर्च्या दिसत होत्या. मॅनेजर धावत वर आला आणि त्यांचा दंड धरून म्हणाला, "आजीबाई, खेळ संपत आलाय, खाली उतरा!"

बाईंनी रुमाल काढला. "मला काय घाई? मला कुठे कामावर जायचंय?"

नंतर त्या चावल्या. मॅनेजर किंचाळला. चित्रपटातल्या घरमालकापेक्षा बरा किंचाळला, असे माझे मत आहे. लोकांना वाटले की हे सगळे ठरवूनच केले आहे. उभे राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले व्यायामशाळेचे मास्तर मात्र गडबडीत बायकांच्या शौचालयात शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांची काही तक्रार नाही. नात खुर्चीवर चढून ओरडत होती, "माझी आजी आहे ती! माझी!" बाईंनी ते ऐकले. मग त्या सावकाश खाली उतरल्या.

रक्त आले असे मॅनेजरचे म्हणणे आहे. साहेबांनी सांगितल्यावरून मी त्यांचे मनगट भिंगाखाली पाहिले. चार खुणा आहेत. वरच्या दोन माझ्या सुळ्यांच्या, खालच्या दोन बाईंच्या स्वतःच्या दातांच्या. कातडी फाटलेली नाही. मॅनेजरच्या बाहीवर जो लाल डाग आहे तो बाईंच्या ओठांच्या रंगाचा आहे. सुळ्यांची टोके मी गोल घासली आहेत. मॅनेजरसाठी नव्हे, बाईंच्या ओठाला लागू नयेत म्हणून.

माझा जबाब चालू असताना ऑपरेटर ठाण्यात आला. तिकिटाच्या खिडकीवर रांग लागली आहे, आणि लोक विचारताहेत की चावा रोज आहे की फक्त आजच, असे त्याने सांगितले. मॅनेजर थोडा वेळ मनगट चोळत बसले. मग बाकावर बसलेल्या बाईंना म्हणाले, "आत्या, तक्रार मागे घेतो. उद्या याल का?"

"आधी रीळ लावा," बाई म्हणाल्या.

"लावतो. पण पडद्यावर झाल्यावर तुम्ही वर या आणि पुन्हा..."

"चावू कोणाला?"

"मला नाही," मॅनेजर घाईने म्हणाले. त्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी फाईल उघडली. लिहून घेणाऱ्या बाईंनी हात टेबलाखाली घेतले.

तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि उजव्या हाताची बाही वर केली. बाई मनगटाकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला चावायचं तर सुळे कशाला हवेत?" साहेबांना खोकला आला. हे वाक्य जबाबात घ्यावे की नाही, असे लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारले. घ्यावे, असे मी सांगितले.

तरी, सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारी चावून घेण्यास मी राजीखुशीने तयार आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, धाक नाही, आणि मी पूर्ण शुद्धीत आहे.

चष्मा दुकानात राहिल्याने वरील मजकूर मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावला, कारण बाई बाकावरून ऐकत होत्या. तो मी सांगितला तसाच, बरोबर आहे.