स्किपमधली निळी सूटकेस

जबाब, दिनांक १९ जून २०२५, गुरुवार. वेळ सकाळी १०.४०. ठिकाण लेस्टर.

माझं नाव गयाबाई यादवराव गजभिये. वय ७३ वर्षे. धंदा: आता काही नाही. आधी होजिअरीच्या फॅक्टरीत ओव्हरलॉक मशीनवर एकोणीस वर्षे, नंतर हॉस्पिटलच्या लाँड्रीत अकरा वर्षे. राहणार लेस्टर, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, मुलगा सम्यक आणि सून सीमा यांच्यासोबत. मूळ गाव नागपूर.

मी स्वतः हजर राहून सांगते की मला कामापुरतं इंग्रजी येतं, पण ही गोष्ट मला मराठीतच सांगायची आहे. म्हणून पोलिसांनी दुभाषी आसावरीबाई यांना बोलावलं. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. मी सांगेन तसं त्या लिहीत आहेत. माझा मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. मी चोर ओळखायला आले आहे असा त्याचा समज आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चोरी झालेलीच नाही. कॉलिन रीड नावाच्या माणसाने आमच्या दारातल्या स्किपमधून निळी सूटकेस चोरली, अशी तक्रार माझ्या मुलाने रविवारी दिली आहे. ती सूटकेस कॉलिनला मी दिली. माझ्या हाताने दिली.

फेब्रुवारीत माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मला जिना चढवत नाही. मुलाने खालच्या खोलीला लागून माझ्यासाठी शॉवर करायला घेतला आहे. त्यासाठी माळा आणि मागची खोली रिकामी करायची होती. गुरुवारी, १२ जूनला, सकाळी आठ वाजता स्किप आली. स्किप म्हणजे कचरा टाकायला भाड्याने मिळणारी लोखंडी पेटी. ती आमच्या घरासमोर रस्त्यावर ठेवली. कौन्सिलची परवानगी सम्यकने आधीच काढली होती. तो सगळं वेळेवर करतो, त्याच्या वडिलांसारखा.

ही सगळी मोडतोड माझ्या सोयीसाठी चालली होती आणि मीच दिवसभर त्यांच्या अंगावर ओरडत होते. ते दोघे एक वस्तू टाकून आत वळले की मी काठी टेकत जाऊन ती परत आणायची. दोन तवे, एक स्टोव्ह आणि पडद्याच्या कड्यांची पिशवी मी अशी सोडवली. सून हसली, मुलगा हसला नाही. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मी मेल्यावर सगळं घर टाक. तोवर मला विचारल्याशिवाय एक चमचा बाहेर जाता कामा नये." तो म्हणाला, "ओके आई, प्रॉमिस." त्याने ते पाळलं. माझ्याकडून मात्र पाळलं गेलं नाही.

शुक्रवार, १३ जून. मुलगा आणि सून दोघेही कामावर गेले होते. साडेदहाच्या सुमारास दाराची बेल वाजली. एक पांढरी व्हॅन उभी होती. दारातला माणूस, म्हणजे हाच कॉलिन, साधारण पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हातात मोजे. त्याने विचारलं, स्किपमधली लोखंडी खाट नेली तर चालेल का? बेल न वाजवता उचलून नेली असती तरी मला कळलं नसतं, मी मागे भांडी घासत होते. तो विचारायला आला, याचंच मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, ने. ती खाट आमच्याकडे सत्तेचाळीस वर्षे होती आणि नागपूरहून जो कोणी नवा आला तो पहिले काही महिने तिच्यावर झोपला. ती कोणाच्या तरी उपयोगी पडतेय म्हणून मला बरं वाटलं.

त्याने एकट्याने ती व्हॅनमध्ये चढवली. दारी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची आमच्याकडे रीत नाही. मी त्याला चहा दिला. तो पायरीवर बसून प्यायला, मी दारात आत खुर्ची ओढून बसले. त्याची मुलगी सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीला जाणार आहे, घरातून शिकायला जाणारी ती पहिलीच, असं त्याने सांगितलं. आमच्याही घरात शिकायला बाहेर पडलेला पहिला माणूस सम्यकचे बाबा होते. मला भरून आलं. स्किपमध्ये वरच निळी सूटकेस पडली होती, चाकं चांगली होती. मी म्हटलं, ही तुझ्या पोरीला ने. तो नको म्हणत होता. मी आग्रह केला.

सूटकेस मी उघडून पाहिली होती. आत दुसरी बॅग होती. तिच्या आत तिसरी असणार हेही मला ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्या बॅगा अशाच ठेवतात, एकीत एक, म्हणजे जागा कमी लागते. आसावरीबाई म्हणतात त्यांच्याकडेही तसंच आहे. हे लिहायचं का असं त्यांनी विचारलं, मी लिहा म्हटलं. तिसरी बॅग मी पाहिली नाही.

शनिवारी दुपारी सम्यकने त्याच्या इथल्या मोडक्या मराठीत मला विचारलं, "आई, तुझा तो जुना पासपोर्ट कुठे ठेवली आहे? स्टॅम्पवाला." इथे राहायच्या परवानगीचं आता सगळं ऑनलाइन झालं आहे, त्या अर्जाला कायम राहण्याचा शिक्का असलेला माझा पहिला पासपोर्ट लागतो. मी १९७६ साली इथे आले. भारताचा पासपोर्ट मी कधी सोडला नाही. नवा पासपोर्ट कपाटात आहे, शिक्क्याचा जुनाही तिथेच असेल असं मला वाटत होतं. तो तिथे नव्हता. तेव्हा मला आठवलं. सम्यकचे बाबा महत्त्वाचे कागद सगळ्यात आतल्या बॅगेत ठेवायचे. तिसऱ्या चेनपर्यंत चोर कंटाळतो असं ते म्हणायचे.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. उलट त्याला म्हटलं, "तूच टाकला असशील. सांगत होते मी." गुरुवारी त्याच्याकडून वचन घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मीच वस्तू दान करून बसले होते. ते कबूल करायची मला लाज वाटली.

रविवारी त्या दोघांनी अख्खी स्किप हाताने रिकामी केली. सगळा कचरा फुटपाथवर काढला, एकेक पिशवी उघडली. ऊन फार होतं. फुटक्या आरशाने सम्यकचा तळहात कापला. सीमा त्याला पट्टी बांधत म्हणाली, "आईंना काही बोलू नका हं, त्या आधीच घाबरल्यात." मी खिडकीतून हे पाहत होते, ऐकत होते. घाबरले होतेच, पण वेगळ्या कारणाने.

मग समोरच्या घराच्या दारावरच्या कॅमेऱ्यात ती पांढरी व्हॅन सापडली. सम्यकने मला फोनवर दाखवलं. "क्लिअर दिसतंय आई. बघ, त्याने सूटकेस उचलला आणि व्हॅनमध्ये टाकला." व्हॅनचा नंबरही दिसत होता. व्हॅनच्या आड आमचं दार झाकलं गेलं होतं, म्हणून त्याचा चहा आणि दारात आत बसलेली मी त्यात नाही. त्याने तक्रार दिली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होते.

बुधवारी, म्हणजे काल, सकाळी सव्वाअकराला पुन्हा बेल वाजली. कॉलिन होता. त्याच्या हातात स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत माझा पासपोर्ट होता. तिसऱ्या बॅगेची चेन अडकली होती. मंगळवारी त्याच्या मुलीने साबण लावून ती सोडवली. पासपोर्टमध्ये माझा चोवीस वर्षांची असतानाचा फोटो आहे, दोन वेण्या घातलेला. ही बाई याला शोधत असेल, आजच्या आज देऊन ये, असं मुलीने त्याला सांगितलं. मंगळवारी त्याला जमलं नाही, उशीर झाला म्हणून तो माझी माफी मागत होता.

मी रडले. हेही लिहा. एकोणपन्नास वर्षांचं माझं इथलं राहणं त्या माणसाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिलं होतं. पेट्रोलचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. बेसनाचे लाडू मुलीसाठी म्हणून घेतले. पोलिसांत तक्रार आहे हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या दारात उभ्या असलेल्या त्या भल्या माणसाला तेही मी सांगितलं नाही.

दुपारी पोलिसांचा फोन आला की माणूस सापडला आहे, शुक्रवारी चौकशीला बोलावला आहे. भंगार गोळा करायचं त्याचं लायसन्स आहे, गुन्हा शाबीत झाला तर ते जाऊ शकतं, असंही कळलं. सम्यकला पासपोर्ट दाखवला तर तो म्हणाला, "घाबरला असेल. म्हणून परत दिली." तो तसं म्हणाला ते मला सोसवलं नाही. मी एवढंच म्हटलं की उद्या मला पोलिसांकडे ने.

माझं म्हणणं असं की कॉलिन रीड याने काही चोरलं नाही. त्याने दोनदा माझी बेल वाजवली आणि दोन्ही वेळा त्याचं माझ्यावर ऋणच झालं. त्याला उद्या बोलावू नये. बोलावायचं असेल तर मला बोलवा, मी येईन. माझ्या मुलाने खोटी तक्रार दिलेली नाही, त्याला खरं माहीत नव्हतं. चूक माझी आहे. मुलगा आणि सून माझ्यासाठी एवढं करतात, आणि मी एका सूटकेसपायी त्यांना चार दिवस छळलं.

हा जबाब आसावरीबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे, त्यातलं काही खोडायचं नाही. सही करण्याआधी माझ्या मुलाला आत बोलवावं आणि हा जबाब त्याच्यासमोर पुन्हा एकदा वाचावा, अशी विनंती मी केली. त्याला हे माझ्या तोंडाने सांगायचं धाडस मला झालं नाही.

पुरवणी, वेळ १२.१५: मुलगा सम्यक याला आत बोलावून जबाब दुसऱ्यांदा वाचला. वाचन पूर्ण होईपर्यंत तो उभाच होता. नंतर त्याने पट्टी बांधलेल्या हाताने माझ्यापुढे पेन धरलं आणि अधिकाऱ्यांकडे कॉलिनचा पत्ता मागितला. पत्ता देता येत नाही, निरोप देता येईल, असं ते म्हणाले. तेव्हा सम्यकने निरोप सांगितला की आईने चहाला बोलावलं आहे, मुलीला घेऊन या, मीही घरी असेन. मी ऐकलं. बरोबर आहे. सही केली.

गयाबाई यादवराव गजभिये