सिस्टरची सुतळी

सन्माननीय अध्यक्ष, व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, तिन्ही पाळ्यांमधले माझे सहकारी, त्यांच्या घरची माणसं, आणि ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर, सर्वांना माझा नमस्कार.

मी बॉयलरवरचा माणूस. आमच्याकडे बोलायचं म्हणजे ओरडायचं, तेव्हा माझ्या हाती माईक देण्याचं धाडस आयोजकांचं आहे. सिस्टरच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते छान बोलले. मी मानपत्रात नसलेली एक गोष्ट सांगतो. ती घडली तेव्हा मी अर्धा आत आणि अर्धा बाहेर होतो.

सहा वर्षांपूर्वीची वार्षिक सफाई. थंड केलेल्या बॉयलरच्या मॅनहोलमधून आत उतरायचं. जेमतेम माणूस जाईल एवढं ते भोक, पण मी एकोणीस वर्षं त्यातून ये-जा केलेली. त्या दिवशी डोकं गेलं, खांदे गेले आणि पोट अडकलं. मुकादम मागून पाय ओढत म्हणतायत, "श्वास सोड रे." मी म्हटलं, "सोडला हो, आणखी कुठून आणू?" हसा, हसा. त्या दिवशीही तुम्ही असेच हसला होतात.

खरचटलेलं पोट घेऊन मी दवाखान्यात गेलो आणि वर तोंड करून म्हणालो, "काट्यावर बघा, सिस्टर. एकोणीस वर्षं चौसष्ट किलो." काटा चौसष्टच म्हणाला. त्यांनी मलम लावलं, माझं जुनं कार्ड चाळलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. दरवर्षी मी काटा बघितला, तुम्हाला बघितलंच नाही."

हातापायांचं मांस उतरलं होतं आणि पोट पुढे आलं होतं, म्हणून वजन तेवढंच. त्यांनी माझ्या उंचीएवढी सुतळी कापली, दुमडून अर्धी केली आणि बेंबीवरून पोटाला गुंडाळली. टोकं भिडायला हवी होती. चार बोटं कमी पडली. मग ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं वाक्य आलं, "उद्या सकाळी उपाशीपोटी या."

साखर व्यवस्थित निघाली. मी तर घरी निघालो होतो. पण डॉक्टरांना विचारून त्यांनी रक्तातलं इन्सुलिनही तपासायला लावलं होतं, आणि ते भलतंच जास्त होतं. मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या बॉयलरचं प्रेशर तेवढंच आहे, पण कोळसा दीडपट जळतोय. काय समजाल?"

मी म्हटलं, "ट्यूबला आतून क्षार बसलाय."

"मग गेज बघून खूश का होताय?"

पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. तेच काम करून घ्यायला जास्त इन्सुलिन लागतं. साखरेचा आकडा वर्षानुवर्षं ठीक दिसतो, आणि एक दिवस इन्सुलिन पुरं पडत नाही.

मंडळी, माझ्या वडिलांचे डोळे साखरेनं गेले. शेवटची सात वर्षं मी त्यांना हात धरून न्हाणीघरात नेत होतो. आणि मी पोट भरतो ते गेज वाचून. मी घाबरलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सिस्टर म्हणाल्या, "अहो, ट्यूब अजून फुटलेली नाही. क्षार निघतो."

दोन्ही जेवणांनंतर चालणं, चहातली साखर बंद, आठवड्यातून तीनदा वाळूच्या पिशव्या उचलणं, वेळेवर झोप. बिनसाखरेच्या चहावरून आमच्या घरात दोन महिने वाद चालला, शेवटी बायकोनं स्वतःचीही साखर बंद केली. काटा हलेना, पण सुतळी हलली. दीड वर्षानं टोकं भिडली, इन्सुलिनही खाली आलं. त्यानंतरच्या सफाईला मी आत उतरलो तेव्हा पांढरे बूट घालून सिस्टर राखेत उभ्या होत्या. मी आतून ओरडलो, "गेलो, सिस्टर!" त्या म्हणाल्या, "आता बाहेरही या, मग मी जाते."

आज दवाखान्याच्या भिंतीवर खिळ्यांना आपल्या एक्केचाळीस जणांच्या सुतळ्या टांगल्या आहेत. परवा नव्या सिस्टरनी त्या मोजल्या आणि मला विचारलं, "सिस्टरची स्वतःची कुठली?" आम्ही सगळे खाली बघायला लागलो. सिस्टर, तुमच्या आईलाही साखर होती, हे तुम्हीच एकदा बोलून गेला होतात. अठ्ठावीस वर्षं आम्ही तुमच्याकडून मोजून घेतलं, पण तुम्हाला कुणी बघितलंच नाही. ती चूक आमची.

अध्यक्ष महाशय घड्याळ बघतायत, तेव्हा आवरतं घेतो. मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. बॉयलरवरच्या माणसाची जीभ आहे, कुठे कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. फक्त एक राहिलं. शाल-श्रीफळाच्या ताटात नव्या सिस्टरनी एक सुतळी ठेवली आहे. सिस्टर, उद्या सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी. चहासुद्धा घ्यायचा नाही. तुम्ही मान हलवल्याशिवाय मी माईक सोडणार नाही.

हलवली. सगळ्यांनी बघितलं ना? बसतो.