धुतलेल्या कांड्या

(आटपाडी, ऑक्टोबर १९७२. नवरात्राची पाचवी माळ. हंबीररावांच्या घराचा सोपा. त्यांच्याकडे राहून भूगर्भाचा अभ्यास करणारी जरिना मिरजेला आईला भेटून आठ दिवसांनी परतली आहे. हंबीररावही कामावरून आजच आले आहेत.)

राहीबाई : बघ, तुझं दगूड वळखू तरी येत्यात का? लाल एकीकडं, पांढरं एकीकडं, हिरवं ठिपकं असल्यालं ह्या कडंला. कोनाड्यात मांडावं असं दिसत्यात.

जरिना : काकी... पेट्या कुणी उघडल्या?

राहीबाई : आता कोण उघडणार? मीच. घट बसायचा म्हंजी घरातलं गोधडीपासनं खुंटीपतुर समदं धुवायचं असतंय. तुझ्या तेवढ्या सात पेट्या पारोशा ठिवू व्हय? तू काय परकी हाईस?

जरिना : दगडाच्या प्रत्येक कांडीवर कागद चिकटवला होता. आकडा घातलेला.

राहीबाई : ते खळीचं कागूद? भिजल्याबरूबर सुटलं. काथ्यानं घासलं, डागबी ऱ्हायला न्हाई.

जरिना : एवढं पाणी कुठून आणलंत?

राहीबाई : वढ्याच्या हिरीवरनं. चार खेपा जास्ती झाल्या. टँकरचा काय भरवसा न्हाई. बस की खाली. तोंड का असं केलंस? पाणी दिऊ?

जरिना : रोजा आहे, काकी.

राहीबाई : व्हय गं, इसरलेच. माझाबी उपासच. आवं, जरा भाईर या! पोरीला कायतरी झालंया.

हंबीरराव : काय झालं? आगं... आगं, हे काय केलंस तू? पेट्यांना कुणाचा हात लागू द्यायचा न्हाई म्हणून आर्डर दिऊन गेलो हुतो ना?

राहीबाई : कुणाचा म्हंजी परक्याचा. मी परकी व्हय?

हंबीरराव : मिलिट्री सोडल्यापास्नं मी ह्या बोरिंगच्या मशीनवर हाय. पाण्यापायी जतच्या माळावर दीडशे हात भोक पाडलं. दगडाची कांडी निघंल तशी ही पोरगी पेटीत लावायची, उन्हाचं डोस्कं फुटूस्तवर. वरची पयली, खालची शेवटाला. लाईनीत हुत्या समद्या, परेडला जवान असावं तशा. तू पलटण मोडलीस!

राहीबाई : पर दगूड त्योच हाय की. एकबी टाकला न्हाई मी.

जरिना : काकी, दगडापेक्षा त्याची जागा महत्त्वाची होती. आपल्या डोंगराच्या कातळात तांबं असतं, अगदी कण कण. जमिनीतलं खारं पाणी ते उचलतं, लाल वाळूच्या दगडातून वाहून नेतं. वाटेत काळा कुजका गाळ लागला की तिथं सोडून देतं. तेच हे हिरवे ठिपके. ते त्या काळ्या थराच्या वर आहेत की खाली, एवढंच मला दाखवायचं होतं. म्हणजे पाणी कुठून आलं ते कळतं.

राहीबाई : मग तू बघितलं असशील की.

जरिना : पाहिलंय. वर होते. वहीतही लिहिलंय. पण सोमवारी माझा अभ्यास तपासायला पुण्याहून सर येणार आहेत. मागच्या वर्षीच ते मला म्हणाले, लग्न ठरेपर्यंत वेळ काढायला आलात का बाई? त्यांना वही नाही, दगड दाखवायचा होता.

हंबीरराव : थांब, रडू नगंस. तुटकी टोकं जुळवू. एकात एक बसतीलच की. हे बघ... बसलं! आन् हे ह्याला. बसलं का न्हाई?

जरिना : लाल लालला बसेल, काका. मधला काळा थरच दिसत नाही. दीड हाताचा होता. काकी, सहाव्या पेटीत काळं, मऊ, पापुद्रे सुटणारं होतं ना? ते कुठंय?

राहीबाई : ते दगूड हुतं व्हय? पाण्यात घातल्याबरूबर चिखूल झाला की त्येचा.

जरिना : तो चिखल कुठं टाकला?

राहीबाई : टाकला न्हाई.

हंबीरराव : मग?

राहीबाई : औंदा रानात नुसती ढेकळं. घटाखाली घालावी अशी माती कुठं हाय? ही आपली मऊसूत, काळीभोर. रानातली चिमूटभर, बाकी हीच घातली. म्हणलं, पोरीचंबी कायतरी देवीपुढं असूं दे. गहू पेरलाय त्यात. कोंब आल्यात.

हंबीरराव : उठीव घट.

राहीबाई : पाचवी माळ हाय आवं!

हंबीरराव : सातवी असती तरी उठीव म्हणलो असतो.

राहीबाई : ...बरं. तुमी हात लावू नगासा. मीच उठवते. काय व्हायचं ते मला हुईल. पोरी, तुझी माती तुला देते.

जरिना : नको! काकी, बसा. नका हात लावू. चिखल झाला तेव्हाच ते गेलं. आता त्यातून काही कळणार नाही. राहू दे तो घट.

हंबीरराव : मग दुसरं भोक पाडू. आमच्या सायबाला मी सांगतो.

जरिना : मशीन सध्या कुठं आहे, काका?

हंबीरराव : दिघंचीकडं. तीन भोकं कोरडी गेली. बायका रिकाम्या घागरी घिऊन मशीनभवती बसून असत्यात.

जरिना : आणि मी तिथं जाऊन काय सांगू? मशीन सोडा, मला दगड पाहिजे?

हंबीरराव : ...न्हाई. तसं कसं म्हणायचं.

राहीबाई : तू मला बोल की गं. शिव्या घाल. आईवर चिडली असतीस तशी चीड.

जरिना : काय बोलू? चार खेपा पाणी आणलंत तुम्ही.

राहीबाई : ते सर आलं की मी सांगते त्येंस्नी. पोरीची कायबी चूक न्हाई, मीच अडाणी.

जरिना : ऐकून घेतील ते.

राहीबाई : आन् मग?

जरिना : मग चहा घेतील आणि जातील.

राहीबाई : ...ऊन उतरलं. ह्या पेटीत भरते पुन्यांदा. कशा लावू सांग. तू म्हणशील तशा लावते, एकबी इकडची तिकडं करायची न्हाई.

जरिना : कशाही लावा, काकी.