काजळ्याचं धरण आणि माझी टर्की

...नाही, पण मला एक सांगा, एखाद्या माणसानं पाण्यानं भरलेलं धरण फोडलं, खालचं अख्खं शहर पाण्यात घातलं, तर त्याला काय म्हणावं? वाईट माणूस! मीही तेच म्हणाले. हळूच म्हणाले, कारण मी एकूणच हळू बोलते, लग्नाला पाच महिने झालेत आणि माझा आवाज कसा आहे हे सासरी अजून फारसं कुणाला माहीत नाही... तर माझा नवरा गॅरेट, तोंडात पॉपकॉर्नचा बकाणा, माझ्याकडे दयेनं बघतो आणि म्हणतो, "तो वाईट नाहीये गं, गुंतागुंतीचा आहे!"

गुंतागुंतीचा! अहो, गुंता माझ्या केसांचाही होतो, म्हणून मी काय धरणं फोडत फिरते?

तुम्हाला सांगते, मला त्या दिवशी सिनेमाला जायचंच नव्हतं. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, म्हणजे इथं अमेरिकेत घरोघरी टर्की नावाचा भलामोठा पक्षी अख्खा भाजायचा सण. लॉर्नाच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, फ्रिजवर दर नोव्हेंबरात यादी लागते, कुणी काय करून आणायचं त्याची, आणि यादीत सगळ्यात वर टर्की, आणि टर्कीपुढे गेली तीस वर्षं लॉर्नाचंच नाव. तिच्या सख्ख्या बहिणीला आजवर क्रॅनबेरीच्या चटणीपुढे बढती मिळालेली नाही. आणि यंदा तिथं कुणाचं नाव? माझं! जेवण आमच्या घरी, टर्की माझ्या हातची! बुधवारी लॉर्ना स्वतः येऊन अठरा पौंडांचं ते धूड ठेवून गेली. "हनी, सोपं आहे. भट्टी सव्वातीनशे डिग्रीवर ठेव, टर्की साडेअकराला आत, साडेतीनला बाहेर. एवढंच." आता लॉर्नाचं हे 'हनी' ऐकायला गोड असतं, पण त्याच्या मागे एक काळजीपूर्वक बंद केलेलं दार असतं. त्या दिवशी ते दार बोटभर उघडलं होतं हो! मला फट दिसली होती!

आणि मग गॅरेट म्हणाला, "आमच्या घरचा रिवाज आहे, त्या दिवशी दुपारी बाराचा सिनेमा. मी आणि ट्रॉय दरवर्षी जातो. आता तू पण घरातलीच." घरातलीच! तिथंच मी विरघळले. तरी विचारलं, टर्की? "तीनला सुटतो गं सिनेमा. घर दहा मिनिटांवर. शप्पथ." साडेअकराला टर्की भट्टीत ठेवली, निघताना मी गाडीत बसले आणि हा 'पाकीट राहिलं' म्हणून घरात पळाला. लक्षात ठेवा हं, पाकीट.

सिनेमा म्हणजे... काय सांगू! इतका काळोख की पहिला अर्धा तास मला वाटलं यंत्रातला दिवाच गेलाय. नायकाचं खरं नाव लांबलचक आहे, मी त्याला काजळ्या म्हणते, कारण तोंडाला कायम काजळी फासलेली. तो हसत नाही, जेवत नाही, गच्चीच्या कठड्यावर उभा राहून पावसात भिजतो. चोराला पकडतो, मग त्याचे दोन्ही गुडघे फोडतो, मग स्वतःच रडतो. मी म्हटलं, हा नायक ना? "तसं साधं नसतं ते," ट्रॉय पलीकडून. ट्रॉय म्हणजे दीर, चौतिसाव्या वर्षीही काजळ्या छापलेला टी-शर्ट घालून आलेला. बरं, धरण फोडणारा तो डॉक्टर, तो तरी खलनायक? नाही! का, तर तो सात वर्षांचा असताना पालिकेच्या माणसांनी त्याचा कुत्रा नेला होता. कुत्रा नेला म्हणून शहर बुडवलं! "तो वाईट नाही गं," दोघं भाऊ एका सुरात, "गुंतागुंतीचा आहे!"

अखेर एकदाची नावं वर सरकायला लागली. मी पर्स उचलली. कुणी उठेना! नावांनंतर एक चोरटा तुकडा दाखवतात ना, त्यासाठी सगळे बसून. सुतारांची नावं गेली, ड्रायव्हरांची गेली, चहा-कॉफीवाल्यांची गेली... सव्वातीन! आणि तुकडा काय? काजळ्या आरशात बघतो आणि सुस्कारा सोडतो. संपलं. ट्रॉयनं माझा दंड धरला, "बघितलंस? आरसा!"

बघितला. घड्याळही बघितलं.

मग पार्किंग. गाडी ट्रॉयची, किल्ली ट्रॉयच्या हातात, आणि ती किल्ली दारात घालायची सोडून हवेत नाचवत हा विचारतोय, "पण मुळात नायक म्हणजे कोण?" मी म्हटलं, टर्की. गॅरेट म्हणतो, "एक मिनिट. ट्रॉय, ऐक, त्या डॉक्टरनं महापौराला मारलं नसतं तर?" मी पुन्हा, टर्की. "मारलं नसतं तर व्यवस्था तशीच राहिली असती!" मी तिसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्यानं, निदान माझ्या मानानं मोठ्यानं, तर शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "मला विचाराल तर चूक महापौराची होती." घ्या!

चार वाजून पाच मिनिटांनी घरी पोचलो. धुराची घंटा बोंबलत होती. भट्टी उघडली आणि... माझ्या पांढऱ्या टाइल्सच्या स्वयंपाकघरात मी काजळ्यालाच भेटले. पाय वर करून झोपला होता.

मी म्हटलं, अर्ध्या तासात एवढी? तेव्हा गॅरेटनं मान खाली घातली. "मी जाताना आच साडेचारशे केली होती. म्हणजे उशीर झाला तरी कच्ची नको राहायला. हेतू चांगला होता गं." पाकीट! "आणि जळाली असं तरी का म्हणायचं? जगात काही निव्वळ काळं किंवा निव्वळ पांढरं नसतं." अहो, ही होती! निव्वळ काळी! मी सुरीनं खरवडून बघितली, आतही काळी!

मी एवढंच म्हटलं, "आईला खरं सांग. बाकी काही नको." "सांगतो," म्हणाला. अगदी काजळ्याच्या घोगऱ्या आवाजात.

साडेचारला लॉर्ना आली, हातात भोपळ्याची गोड पेस्ट्री, मागे सगळं गोत. टर्कीकडे बघितलं. मी गॅरेटकडे बघितलं. तो पुढे झाला, छाती भरून घेतली, मला वाटलं, आता! आणि म्हणाला, "मॉम, खरं सांगायचं तर यात कुणा एकाचा दोष नाही. परिस्थिती गुंतागुंतीची होती."

लॉर्ना माझ्याकडे वळली. "हनी, टर्की कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. झालं! खटला संपला. तीन तासांच्या सिनेमाला जे जमलं नाही ते बाईनं एका प्रश्नात केलं. "मी बिचाऱ्या पोरांना उगाच बाराच्या खेळाला जाऊ दिलं," ती म्हणाली, "नाहीतर गॅरेटनं लक्ष ठेवलं असतं."

मग कुस्करलेले बटाटे आणि बीन्स खात बसलो. सिनेमाची गोष्ट निघाली, ट्रॉयनं ती कुत्र्यासकट सांगितली, आणि तुम्हाला सांगते, लॉर्नानं डोळ्याला हात लावला. "सात वर्षांचं लेकरू! नेला त्याचा कुत्रा! मग धरण नाही फोडणार तर काय करणार!" मी बीन्स चावत होते. सावकाश चावत होते.

निघताना तिनं पुढच्या वर्षीची यादी तिथल्या तिथं केली आणि आमच्याच फ्रिजला चिकटवून गेली. टर्की, लॉर्ना. गॅरेटकडे रस्सा, कारण आचेची त्याला समज आहे म्हणे. सगळ्यात खाली मी. कागदी रुमाल, साधे, एक पाकीट. ठीक आहे म्हटलं, रुमाल काही जळत नाहीत, करपत नाहीत, आतून कच्चे राहत नाहीत... मग बारीक अक्षरात त्यापुढे काय लिहिलंय ते वाचलं: 'ट्रॉय, तूही रुमालांचं एक पाकीट आण. न जाणो, असू दे.'