गंगाफळाची पहिली चीर

निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही, अशी खंत असलेल्यांनी जळगावात छोटी गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, लावावीत. मी लावली. संकरित बी, कंपाउंडवर चढवलेला वेल, नारळाएवढी फळं. रोज पहाटे नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचो.

"कचेरीत कधी इतक्या वेळेवर गेला नाहीत," बायको म्हणाली.

फळं भरपूर आली. परवा सकाळी शेजारी एकेक वाटलं आणि दुपारी समाधानाने आडवा झालो. तोच बेल वाजली. दारात समोरच्या अक्का, हातात माझंच गंगाफळ.

"नाना, पहिली चीर मारी द्या. घरमा माणूस नही."

अख्ख्या गंगाफळाला बाई सुरी लावत नाही, पहिली चीर पुरुषाची, ही इकडची रीत मी साफ विसरलो होतो. मोठं फळ भाजीवालाच कापून देतो, म्हणून कधी अडत नाही. मी मात्र अख्खी वाटली होती, आणि दुपारी गल्लीत घरी असलेला पुरुष मी एकटाच.

"अक्का, संध्याकाळी भाऊ येतील, त्यांना सांगा."

"भाऊ येतीन अन् मंग भाजी कवय टाकू?"

चीर मारून दिली. अक्कांच्या मागे आणखी चौघी उभ्या होत्या. नोकरीभर माझ्यावाचून एक कागद अडला नाही, आता गल्लीचा स्वयंपाक अडला होता.

पाचवं गंगाफळ परत देऊन मी पुन्हा पलंगावर टेकतो, तोच आतून बायकोचा आवाज आला, "झोपू नका. आपलंही चिरायचंय."